एकाच दिव्याखाली गिनीची आणि कोंबडीची पिल्लं

गिनी फाऊल या कोंबडीसारख्या पक्ष्याचं अंडं हातात घेतलं की आधी जाणवतं ते त्याचं कवच. अंडं कोंबडीच्या अंड्याहून लहान, एका टोकाला चांगलंच निमुळतं, आणि इतकं टणक की दोन अंडी एकमेकांना हलकेच लागली तरी गारगोट्या वाजल्यासारखा आवाज येतो. ओळखीच्या एका बाईंनी मला अशी १६ अंडी दिली, तेव्हा मला कोंबड्या पाळून आठ वर्षं झाली होती. गिनी मात्र मी फक्त दुरून पाहिल्या होत्या. काळसर करड्या अंगावर मोत्यांसारखे पांढरे ठिपके, बिनपिसांचं डोकं आणि त्यावर शिंगासारखा उंचवटा. त्या घरात हव्यात असं फार दिवस मनात होतं.

कोंबड्या पाळायला मी आत्याकडून शिकले, म्हणून तिला फोन केला. ती म्हणाली, "नुसती गिनीची काढू नकोस. जोडीला कोंबडीचीपण काढ. गिनीला घर कळत नाही गं, कोंबडीला कळतं. तिच्या मागं मागं ही पण येतील."

पुढचं सगळं मी या सल्ल्यावर केलं.

दोन्ही पिल्लं एकाच सुमाराला बाहेर यायची तर अंडी एका दिवशी ठेवून चालत नाही. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत बाहेर येतं, गिनीला २६ ते २८ दिवस लागतात. मी २८ धरले आणि गिनीची अंडी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रात, ठेवल्यानंतर बरोबर सात दिवसांनी कोंबडीची ८ अंडी आत ठेवली. पंख्याचा इन्क्युबेटर, तापमान ३७.५ अंश. या हिशोबात एक सोय होती. अंडी फिरवणं शेवटचे तीन दिवस थांबवायचं असतं आणि आतली आर्द्रता वाढवायची असते. गिनीचा २५वा दिवस आणि कोंबडीचा १८वा दिवस एकाच संध्याकाळी आला.

दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोतावर गिनीची अंडी तपासली. जाड कवच आणि वर तपकिरी ठिपके, त्यामुळे कोंबडीच्या अंड्यात दिसतं तसं रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसत नाही. मला दिसली ती एका बाजूची हवेची पोकळी आणि उरलेल्या भागातला गडदपणा. तीन अंडी आरपार उजळ दिसली, ती काढून टाकली. राहिली १३.

माझा २८ दिवसांचा हिशोब गिनींनी मोडला. २६व्या रात्री दोन अंड्यांना चीर गेली आणि सकाळपर्यंत पाच पिल्लं बाहेर होती. दुसऱ्या दिवशी आणखी पाच आली. उरलेल्या तीन अंड्यांतली आतच गेली. कोंबडीची तेव्हा नुकतीच कवच टोचायला लागली होती. आता प्रश्न असा की झाकण उघडून गिनीची काढली तर आतली ओल उडून जाते, आतलं पातळ पापुद्र्याचं आवरण सुकतं आणि कोंबडीची पिल्लं त्यातच अडकतात. मी झाकण उघडलं नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, दिवसभर त्याला दाणा-पाणी लागत नाही. पण गिनीची पिल्लं त्या दिवसभरात इन्क्युबेटरमध्ये इतकी धावली, फुटायच्या बेतातल्या अंड्यांना इतके धक्के दिले, की माझा जीव वरखाली होत होता. कोंबडीची ७ पिल्लं नीट आली. आता मी सात नाही, सहा दिवसांचं अंतर ठेवते.

गिनीचं पिल्लू दिसायला देखणं असतं. तपकिरी अंगावर खारीसारखे गडद पट्टे, चोच आणि पाय नारिंगी, आवाज बारीक शिट्टीसारखा. कोंबडीच्या पिल्लाशेजारी ते आणखी चिमुकलं दिसतं. वेग मात्र असा की ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या खोक्यात, ठेवायला हात मोकळा केला की ते पलीकडच्या कोपऱ्यात पोचलेलं असतं.

पहिल्या तीन दिवसांत मी दोन चुका केल्या. त्यातली एक एका जिवावर बेतली.

पहिली वर्तमानपत्राची. कोंबडीच्या पिल्लांना पहिले दोन दिवस मी भुशावर वर्तमानपत्र पसरून द्यायची, म्हणजे ती दाण्याऐवजी भुसा खात नाहीत. कोंबडीचं पिल्लू सावकाश चालतं, त्याचं निभावतं. गिनीचं पिल्लू जन्मल्यापासून पळतं, आणि गुळगुळीत कागदावर त्याचे पाय दोन बाजूंना फाकतात. दुसऱ्या संध्याकाळी एक पिल्लू पाय फाकून पोटावर बसलेलं दिसलं, उठायचा प्रयत्न करत होतं आणि पुन्हा पसरत होतं. पायाची हाडं या वयात इतकी कोवळी असतात की लगेच आवर घातला तर सरळ होतात, आठवडाभर तसंच राहिलं तर नाही. मी चिकटपट्टीची अरुंद पट्टी घेतली, दोन्ही पायांभोवती सैलसर गुंडाळली आणि मधे साधारण बोटभर अंतर राहील अशी जोडली. उभं राहता यावं, चालता यावं, पण पाय फाकू नयेत. पहिला तासभर ते सारखं पडत होतं. रात्री उठून पाहिलं तर कोंबडीच्या दोन पिल्लांना टेकून उभं राहून झोपलं होतं. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ते बाकीच्यांसारखंच पळालं. कागद मी त्याच दिवशी काढून टाकला आणि खरखरीत जुना टॉवेल अंथरला. टॉवेलचे सुटे धागे मात्र आधी कापून घ्यावे लागतात, नाहीतर बोटांना वेढा बसतो.

दुसरी चूक पाण्याची. पिल्लांसाठी मिळतं ते उलट्या बाटलीचं भांडं मी ठेवलं होतं. त्याची गोल पन्हळ कोंबडीच्या पिल्लाला उथळ वाटते, गिनीच्या पिल्लाला ती खोल पडते. एक दिवस सकाळी एक पिल्लू त्यात मेलेलं सापडलं. पाणी बोटाच्या एका पेराइतकंही नव्हतं. बाकीच्यांच्या गर्दीत आत ढकललं गेलं असणार आणि भिजल्यावर त्याला उठता आलं नसणार. त्या पन्हळीत मी गोट्या भरल्या, इतक्या की चोच जाईल पण पाय आत जाणार नाही. गोट्या रोज धुवायच्या, कारण त्यांच्या फटींत दाणा कुजतो. हे काम दोन आठवडे पुरतं. कोणी मला गिनीबद्दल काही विचारलं, तर मी आधी पाण्यातल्या गोट्या सांगते आणि मग बाकीचं.

नंतर दुसऱ्या आठवड्यात अंगानं खुरटलेलं एक पिल्लू आपोआप गेलं. म्हणजे गिनीची आठ आणि कोंबडीची सात.

खाद्याचा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळ घेऊन गेला. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात आणि ती त्यावर उत्तम वाढतात. गिनीच्या पिल्लांना पहिले चार-पाच आठवडे २४ ते २६ टक्के लागतात. रानातल्या पक्ष्याची ही पिल्लं, त्यांचं सुरुवातीचं सगळं खाणं किड्यांचं. आणि त्यांना पंख फार लवकर फुटतात, त्या पिसांना प्रथिनं लागतात. एका ब्रूडरमध्ये दोन खाद्यं ठेवून काही उपयोग नसतो, जो तो दुसऱ्याचं खातो. मी टर्कीच्या पिल्लांचं २६ टक्क्यांचं खाद्य आणलं आणि सगळ्यांना तेच दिलं. कोंबडीच्या पिल्लांना थोडे आठवडे जादा प्रथिनं मिळाल्यानं काही बिघडलं नाही. उलट केलं असतं, म्हणजे सगळ्यांना कोंबडीचंच खाद्य दिलं असतं, तर गिनी मागं पडल्या असत्या. दोन जाती एकत्र असल्या की जिची गरज जास्त तिच्याप्रमाणे ताट वाढायचं, असं मी ठरवलं. टर्कीच्या खाद्याचे दाणे मोठे होते, ते पहिला आठवडा मिक्सरमधून भरड काढून दिले. शिवाय रोज एक उकडलेलं अंडं बारीक किसून.

पोत्यावरची चिठ्ठी मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. पिल्लांच्या बऱ्याच खाद्यांत कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. हे औषध एकच नसतं. मोनेन्सिन नावाचं औषध कोंबड्यांच्या खाद्यात चालतं, पण त्याच्या लेबलवरच घोडे, मोठ्या टर्की आणि गिनी यांच्या तोंडी हे खाद्य लागू देऊ नका असं लिहिलेलं असतं. मी बिनऔषधाचं पोतं घेतलं आणि रोगाचा बंदोबस्त कोरड्या भुशावर सोपवला. भुसा ओला दिसला की ओंजळभर असो की पाटीभर, लगेच बाहेर. कोंबडीची पिल्लं असताना मी याबाबतीत कधी कधी संध्याकाळपर्यंत थांबायची. गिनीच्या बाबतीत ओल थांबू देत नाही.

ऊब द्यायला लाल बल्ब होता. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर लावला होता, पण खरी खूण पिल्लांच्या झोपण्यात दिसायची. कोंबडीची पिल्लं बल्बखाली सैल पसरून, एखादा पंख लांब करून झोपली की ऊब पुरेशी आहे असं समजायचं. गिनीची मात्र पुरेशा उबेतही एकमेकांवर चढून झोपतात. आधी मी ते पाहून बल्ब खाली घेत राहिले आणि कोंबडीची पिल्लं चोच उघडून धापा टाकायला लागली. तेव्हापासून ऊब ठरवायची ती कोंबडीच्या पिल्लांकडे बघून.

एकत्र वाढवण्याचा फायदा मला इथे पहिल्यांदा दिसला. गिनीच्या पिल्लांना सगळ्याची भीती. वरून हात आला की आठच्या आठ एका क्षणात भिंतीवर आपटायची. वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी, ही त्यांची उपजत समजूत. माझा ब्रूडर वरून उघडणारं खोकं होतं. मी त्याची पुढची बाजू कापून तिथे जाळीचं दार केलं आणि हात समोरून, खालून न्यायला लागले. तळहातावर अंड्याचा कीस घेऊन बसायचं. कोंबडीची पिल्लं दुसऱ्या दिवशी हातावर चढून खायला लागली. गिनीची चार दिवस लांबून बघत राहिली. पाचव्या दिवशी एकानं धावत येऊन एक कण उचलला आणि पळालं. आठवड्याच्या शेवटी सगळी येत होती. पण त्यासाठी कोंबडीचं एखादं तरी पिल्लू आधी हातावर असावं लागायचं. मी मुद्दाम कोंबडीची पिल्लं बाजूला काढून पाहिलं, तेव्हा एकही गिनी पुढं आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक गिनी उडून ब्रूडरच्या वरच्या कडेवर बसली. तोवर त्यांच्या पंखांची पिसं पूर्ण दिसायला लागली होती. त्याच वयाची कोंबडीची पिल्लं अजून अर्धवट पिसांची, बोजड. वर जाळी टाकली. पाचव्या आठवड्यात बल्ब बंद झाला आणि सहाव्यात सगळी पिल्लं खुराड्याच्या वेगळ्या केलेल्या भागात गेली. मधे फक्त जाळी, पलीकडे जुन्या कोंबड्या.

गिनींना सोडायची घाई करू नये. आत्यानं हे इतक्यांदा बजावलं होतं की मी भिंतीवर तारीख लिहून ठेवली. गिनी आठ आठवडे तरी त्याच खुराड्यात झोपल्या पाहिजेत, तेव्हा कुठे ती जागा त्यांची होते. दर संध्याकाळी मी पत्र्याच्या डब्यात मूठभर राळे घेऊन डबा वाजवायची आणि मग दाणे टाकायची. ते दाणे फक्त तेव्हाच, फक्त आत. डब्याचा आवाज म्हणजे राळे, राळे म्हणजे खुराडं. बसायच्या दांड्या दोन उंचींवर होत्या. गिनींनी पहिल्या रात्रीपासून सर्वांत वरची धरली, कोंबडीची खालची धरून राहिली.

चौदाव्या आठवड्यात सोडायला सुरुवात केली. कोंबडीची सगळी आणि गिनी फक्त दोन. बाकीच्या सहा आत. गिनीला एकटं राहणं सहन होत नाही. बाहेरच्या दोघींनी खुराड्याला पाच-सहा फेऱ्या मारल्या, आतल्यांशी ओरडून बोलत राहिल्या आणि जाळीपासून दहा पावलांच्या पुढे गेल्या नाहीत. संध्याकाळी डबा वाजवला तेव्हा कोंबडीची पिल्लं दारातून आत गेली. त्या दोघी मात्र दार सोडून जाळीच्या कडेनं इकडून तिकडे धावत सुटल्या. आतल्या दिसत होत्या, आत जायचं होतं, दार उघडं होतं आणि त्यांना ते सुचत नव्हतं. शेवटी कोंबडीचं एक पिल्लू मागं राहिलेलं आलं, त्या दोघी त्याच्या मागं लागल्या आणि आत गेल्या. मी दार बंद करून तिथंच बसून राहिले. आत्याचं वाक्य माझ्यासमोर घडलं होतं.

तीन-चार दिवसांनी आणखी दोन सोडल्या, मग आणखी दोन. दोन आठवड्यांत आठही बाहेर.

पण ते वाक्य अर्धंच खरं होतं. सगळ्या एकदम बाहेर असल्या की गिनी कोंबड्यांच्या मागं जात नाहीत. त्यांचा आपला थवा असतो आणि तो थवा लांब जातो. कोंबडी खुराड्यापासून हाकेच्या अंतरात उकरत बसते. गिनी कोंबडीइतक्या उकरत नाहीत, चालत राहतात, चालता चालता नाकतोडे आणि किडे उचलतात. दिवसभर दोघींचा संबंध येत नाही. संध्याकाळी मात्र त्या कोंबड्यांच्या दिशेनं परत येतात, बहुतेक वेळा. एका संध्याकाळी मला उशीर झाला, डबा वाजला नाही, आणि तीन गिनी झाडावर चढल्या. अंधार पडल्यावर त्यांना खाली आणता येत नाही, रात्री त्यांना फारच कमी दिसतं. सकाळी खाली दोनच उतरल्या. झाडाखाली पिसं पडलेली होती. घुबडाचं काम होतं. दोष माझ्या उशिराचा. त्या दिवसापासून खुराड्यात एक मंद दिवा रात्रभर असतो, आणि सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी मी जिथं असेन तिथून परत येते.

नर-मादी ओळखायचं तर पिसांवरून काही कळत नाही. दोघे सारखेच दिसतात. आवाजावरून कळतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास एक दिवस दोन तुकड्यांची हाक ऐकू आली, पहिला तुकडा आखूड आणि दुसरा वर चढत जाणारा. ही हाक फक्त मादी देते. नर एकेरी आवाज सलग काढत राहतो. मादीलाही तो एकेरी आवाज काढता येतो, म्हणून एकेरी ऐकला की नर असं धरता येत नाही. दोन तुकड्यांची हाक देणाऱ्या प्रत्येकीच्या पायात मी निळं कडं घातलं. कडी तीनच लागली. म्हणजे उरलेल्या सातांत चार नर. नंतर त्यांच्या गालांखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या मोठ्या आणि बाहेर वळलेल्या झाल्या, तेव्हा खात्री पटली.

हा जादा नर पुढच्या त्रासाचं मूळ ठरला. अंडी घालायचा काळ आला की गिनी जोड्या करतात. तीन जोड्या झाल्या, चौथा मोकळा. एकत्र वाढलेल्या कोंबड्यांपैकी दोन कोंबडे मी आधीच देऊन टाकले होते, एक ठेवला होता. चौथ्या गिनीनं त्याला धरलं. कोंबड्यांचं भांडण मी आयुष्यभर पाहिलं आहे. समोरासमोर उभे राहतात, मान फुलवतात, दोन-चार झेपा घेतात, एकानं पाठ फिरवली की संपलं. गिनी पाठ फिरवली की सुरू करते. मागून धावत जाते, शेपटीची पिसं उपटते आणि कोंबडा पळाला की जास्तच जोर येतो. खुराड्याभोवती पाच-पाच मिनिटं हा पाठलाग चालायचा. कोंबडा हरल्याची खूण देत होता आणि ती खूण गिनीला कळत नव्हती. दोघं एका दिव्याखाली वाढलेले, एका ताटात जेवलेले. बरोबर वाढल्यानं भीती जाते, पण एकाची रीत दुसऱ्यात उतरत नाही.

काय काय करून पाहिलं ते सांगते. खाद्य आणि पाणी दोन ठिकाणी केलं, एका ठिकाणाहून दुसरं दिसणार नाही असं. याचा लगेच फरक पडला, कारण निम्मी भांडणं भांड्याशी व्हायची. आवारात तीन-चार ठिकाणी आडोसे उभे केले, जुनं दार, फळ्या, झुडपाच्या फांद्या. कोंबडा आडोशामागं गेला की गिनी त्याला विसरते. चौथा नर मी दुसरीकडे दिला, तिथे एकटी मादी होती. त्यानंतर पाठलाग पूर्ण थांबले नाहीत, पण पिसं उपटली गेली नाहीत. जागा कमी असेल तर दोन्ही एकत्र ठेवू नयेत असं माझं ठाम मत झालं आहे. बंद खुराड्यात दिवसभर कोंडलेल्या गिनींबरोबर कोंबड्यांचे हाल होतात.

जुन्या कोंबड्यांना मात्र गिनींनी कधी त्रास दिला नाही. उलट झालं. घार दिसली की गिनी सर्वांच्या आधी ओरडतात, कर्कश, तुटक, न थांबता. सुरुवातीला जुन्या कोंबड्या त्या आवाजाकडे लक्ष देत नसत. दिव्याखाली बरोबर वाढलेल्या चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मात्र पहिल्या हाकेला झुडपात शिरायच्या. हळूहळू त्यांना पळताना बघून जुन्याही पळायला लागल्या. ज्या आवाराच्या वर घार रोज घिरट्या घालायची तिथं त्या वर्षी माझी एकही कोंबडी गेली नाही.

पुढच्या हंगामात गिनींची आपली अंडी आली. त्या खुराड्यात घालत नाहीत, उंच गवतात लपवून घालतात, आणि दोघी-तिघी एकाच घरट्यात. मला ते नराच्या पहाऱ्यावरून सापडलं. तो रोज दुपारी एकाच जागी उभा असायचा. घरट्यात वीसेक अंडी होती. १२ घेतली, बाकी ठेवली, म्हणजे त्या घरटं सोडत नाहीत.

या वेळी इन्क्युबेटर नको होता, कारण एक तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखाली गिनीची १२ अंडी ठेवली. कोंबडी दिवस मोजत नाही, पण तिचं शरीर झिजतं. २१ ऐवजी २७ दिवस ती बसली. मी रोज सकाळी तिला उचलून दाण्यापाशी नेत होते, नाहीतर ती उठत नसे. नऊ पिल्लं निघाली.

ब्रूडरमध्ये जे काम मला आठवडाभर लागलं ते तिनं एका दुपारी केलं. चोचीनं दाणा उचलून टाकायचा, खालच्या पट्टीत कुकारा करायचा, आणि पिल्लं धावत यायची. घाबरली की तिच्या पंखाखाली. भिंतीवर आपटणं नाही. फक्त एका गोष्टीत ती त्यांची आई नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे दार चुकून उघडं राहिलं आणि ती त्यांना घेऊन गवतात गेली. गवतावर दव होतं. कोंबडीचं पिल्लू दवात भिजलं तर आईखाली शिरून ऊब घेतं. गिनीची पिल्लं धावत राहतात, पोटाखालची लव भिजते, आणि ती थंड पडून जिथल्या तिथं बसतात. मी गेले तेव्हा दोन पिल्लं गवतात आडवी होती. पदराखाली धरली, बल्बखाली नेली. दोन्ही गेली. बाकी सातांना घेऊन त्या कोंबडीला मी तीन आठवडे कोरड्या जागी बंद ठेवलं, आणि पुढेही गवत वाळल्याशिवाय दार उघडलं नाही.

ती सात पिल्लं आता पाच आठवड्यांची झाली आहेत. काल संध्याकाळी मी डबा वाजवला. कोंबडी आत आली, खालच्या दांडीवर बसली आणि पंख सैल सोडून त्यांना बोलवू लागली. ती सातही तिच्या डोक्यावरून उडून वरच्या दांडीवर जाऊन बसली. ती मान वर करून बोलवत राहिली. वरून शिट्ट्या येत होत्या, खाली कोणी येत नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली, दांडीच्या टोकाला गेली, दोनदा उडायचा प्रयत्न करून पडली आणि तिसऱ्यांदा वर पोचली. पिल्लांनी सरकून तिला मधे जागा दिली. आज मी त्या दोन दांड्यांच्या मधे एक तिसरी ठोकली आहे.